कॅप्सूल, कारीट आणि म्हापशातलं झेरॉक्सचं दुकान

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू एका प्रिंटिंगच्या दुकानाचा आहे. म्हापशात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, स्टिकर, पासपोर्ट फोटो, सगळं एका छोट्या खोलीत. नाव लिहीत नाही कारण दुकानावर बोर्डच अर्धा आहे, उरलेला अर्धा गेल्या पावसात पडला म्हणे आणि मालकाने अजून लावला नाही, दुसऱ्यांचे बोर्ड छापून देणाऱ्या माणसाचा स्वतःचा बोर्ड पडलेला आहे ह्यावर मी त्याला दोनदा बोललो, तो हसतो फक्त. पण ह्या दुकानाला मी पाचपैकी पाच का देतोय ते सांगायला मला माझ्या गेमची सगळी रामकहाणी सांगावी लागणार. वेळ असेल तर वाचा, नसेल तर शेवटी दुकानाच्या वेळा दिल्यात तेवढ्या बघा.

तर गेम. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी नोकरी सांभाळून पावणेदोन वर्षांत एक छोटा गेम केला. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. वाड्यावरच्या पोरांचं मंडळ, वर्गणी कमी, लोखंडाचा सांगाडा गेल्या वर्षीचा गंजलेला, सुकं गवत, जुने पेपर, खळ (चिकटवायची), आणि पहाट व्हायच्या आत नरकासुराचा पुतळा उभा करून मिरवून जाळायचा. मधे बाजूचं मंडळ तुमचे फटाके पळवतं, पाऊस येतो, साउंडवाला ऐनवेळी दुसरीकडे जातो. तीन तासांचा गेम आहे. गोदो ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला, कारण ते फुकट आहे आणि एमआयटी लायसन्सवर आहे म्हणजे उद्या कोण येऊन हिस्सा मागणार नाही. ट्रेलर ओबीएसवर रेकॉर्ड करून दाविंचीच्या फुकटवाल्या व्हर्जनमध्ये कापला. आवाज मावसभावाच्या घरच्या गच्चीवर रेकॉर्ड केले, घुमट, म्हणजे आपलं मातीचं वाद्य, त्याच्या काकांचं.

गेम बनवायला पैसे लागले नाहीत पण लोकांना सांगायला लागतात हे नंतर कळलं. आमच्याकडे एकूण वीस हजार होते. त्यातले स्टीमला, म्हणजे पीसीचे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानाला, १०० डॉलर, त्यावेळच्या रेटने साडेआठ-नऊ हजार गेले. (कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बंद होते, ते चालू करायला बँकेच्या ॲपमध्ये मी पाऊण तास घालवला, ते वेगळंच.) राहिले अकरा. त्यातले आठ हजार मी एका एजन्सीला दिले आणि ती माझी ह्या सगळ्यातली सगळ्यात मोठी गाढवपणाची गोष्ट.

एजन्सीचं नाव घेत नाही. पॅकेज होतं, ‘गेमिंग बूस्ट’ असलं काहीतरी, पाच रील, दोन इन्फ्लुएन्सर, आणि स्टोरीज. फोनवर पोरगा एवढा गोड बोलत होता की मला वाटलं आता स्टीम बंद पडणार एवढी माणसं येणार. मी एकच हट्ट धरला होता, की बायोमध्ये माझीच लिंक टाकायची, यूटीएमवाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्टीमच्या पानाच्या लिंकच्या शेवटी तुम्ही यूटीएमची शेपटी लावली की कुठून किती लोक आले, त्यातल्या किती जणांनी विशलिस्ट केलं (म्हणजे पुढे घ्यायचा म्हणून आपल्या यादीत टाकला), हे स्टीमच्या डॅशबोर्डवर दिसतं. फुकट आहे हे. आणि माझ्या मते स्टीमने छोट्या माणसाला दिलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

पहिलं रील आलं. त्यावर लिहिलेलं, ‘आत्ताच प्ले स्टोअरवरून डाउनलोड करा’. पीसीचा गेम. प्ले स्टोअरवर नाहीच आहे. मी फोन केला तर म्हणाला, सर ऑडियन्स मोबाइलची आहे ना, म्हणून तसं लिहिलं. म्हणजे ऑडियन्स मोबाइलची आहे हे त्याला माहीत होतं आणि तरी पॅकेज विकलं! दुसऱ्या रीलमध्ये नरकासुराला रावण म्हटलं. तिसरं मी बघितलं नाही. एकूण व्ह्यूज एक्केचाळीस हजार, स्टीमच्या पानावर आले त्रेसष्ट लोक, विशलिस्ट केली चौघांनी. त्यातला एक मावसभाऊ. म्हणजे एका विशलिस्टचे दोन हजार रुपये, आणि मावसभावाला वगळलं तर हिशोबच करू नये.

राहिले तीन हजार. त्यातून स्टिकर छापू म्हटलं. आपल्याकडे नरकासुराच्या मोसमात पोरं सगळीकडे फिरत असतात, मंडळांमध्ये वाटू, बसस्टँडवर लावू, क्यूआर कोड टाकू. असं करून मी ह्या दुकानात पोचलो.

मी पेन ड्राइव्ह दिला, त्यात गेमचं कॅप्सूल होतं. कॅप्सूल म्हणजे स्टीमवर तुमच्या गेमचं ते छोटं आडवं चित्र, यादीत, सर्चमध्ये, सेलच्या पानावर सगळीकडे तेच दिसतं. माणूस तुमचा ट्रेलर बघायच्या आधी, नाव वाचायच्या आधी, ते बघतो. आणि मला ते माहीत होतं, मी त्यावर तीन आठवडे काम केलेलं. रात्रीचा वाडा, मागे देऊळ, पुढे बारा पोरं, सगळ्यांच्या हातात काही ना काही, मधे नरकासुर, वर चंद्र, खाली एका वळणदार फॉन्टमध्ये नाव. मला ते भारी वाटायचं. मोठ्या मॉनिटरवर.

मालक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मी त्यांना भाऊ म्हणतो. त्यांनी फाइल उघडली, स्टिकरच्या साइझला बारीक केली, एक साध्या कागदावर काढली, आणि हात लांब करून धरली. मग चष्मा खाली घेतला. मग म्हणाले,

‘आरे बाबा, हें कितें? माकड?’

मी म्हटलं, भाऊ, नरकासुर तो.

‘म्हाका दिसना.’ आणि कागद माझ्या हातात दिला. ‘तूं पळय.’

मी पाहिलं. खरंच माकड होतं. बारा पोरं म्हणजे बारा मुंग्या, देऊळ म्हणजे काळा डाग, नाव तर शेवया सांडल्यासारखं. तीन आठवडे मी हे चित्र मोठं करकरून बघत होतो आणि एकदासुद्धा बारीक करून बघितलं नव्हतं. स्टीमला छोटं कॅप्सूल ४६२ बाय १७४ पिक्सेलचं द्यावं लागतं, आणि काही ठिकाणी ते स्वतःच आणखी बारीक करून दाखवतं, १२० बाय ४५ पर्यंत. पोस्टाच्या तिकिटापेक्षा फार मोठं नाही ते. मी इंटरनेटवर कॅप्सूलबद्दल किती वाचलं होतं, किती व्हिडिओ बघितले होते, सगळे हेच सांगत होते की बारीक करून बघा, पण ऐकून डोक्यात शिरलं नाही. भाऊंनी दोन रुपयाच्या कागदात शिरवलं.

वर आणि म्हणाले, आज छापत नाही, तुझे पैसे फुकट जातील, नवीन करून आण. ‘एकूच तोंड घाल. व्हड कर.’ म्हणजे एकच तोंड, आणि मोठं. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला. त्या एजन्सीवाल्याने हे एक वाक्य जरी मला सांगितलं असतं तरी मी त्याचे आठ हजार वसूल समजलो असतो.

बाहेर पडलो तर समोरच नरकासुराचे मुखवटे लावलेले, तांबडे, जिभा काढलेले, हिरवे, मिशावाले. एक विकत घेतला, घरी टेबलावर लाइटखाली ठेवला आणि फक्त ते तोंड काढलं, तोंडाच्या मागे आगीचा उजेड, आणि नाव दोन ओळीत जाड अक्षरात. एका शनिवार-रविवारात झालं. बाकी स्टीमचे नियम बघून घ्या, कॅप्सूलवर बक्षिसं, मार्क, डिस्काउंटची अक्षरं असलं काही चालत नाही, फक्त चित्र आणि गेमचं नाव, २०२२ पासून ते कडक आहेत त्याबाबतीत. आमच्याकडे बक्षीस नव्हतंच त्यामुळे प्रश्न आला नाही.

आता फरक किती पडला? स्टीम दाखवतं किती जणांना तुमचं चित्र दिसलं आणि त्यातल्या किती जणांनी क्लिक केलं. जुन्या कॅप्सूलला शंभरात एखादा क्लिक करायचा, तोही चुकून असावा. नव्याला तीन-चार. पान तेच, गेम तोच, ट्रेलर तोच. एवढ्यावरून कोणी शास्त्र काढू नये, आमचे आकडेच बारीक, पण माझ्यापुरतं मला समजलं.

दुसऱ्या वेळेला गेलो तर भाऊंनी परत तसंच हात लांब करून धरलं, आणि ह्यावेळी काही बोलले नाहीत, मशीन चालू केलं. ही पावती मी अजून विसरलो नाही.

स्टिकर तीनशे, नऊशे रुपये. व्हिनाइलचे, पाण्याने जात नाहीत, हेल्मेटवर लावलेला माझा पूर्ण पावसाळा टिकेल असं वाटतंय. कटिंग एकदम साफ. रंग थोडा काळपट येतो, आग जरा विटकरी झाली, ते आधी सांगून सॅम्पल बघून घ्या. एक चूक माझी झाली आणि ती सांगतो कारण दुसरा कोणीतरी तीच करणार आहे. मी क्यूआर कोड थेट स्टीमच्या पानाला जोडला. आता विचार करा, पोरगा कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये उभा आहे, मोबाइलने स्कॅन करतो, ब्राउझरमध्ये स्टीम उघडतं, आणि तो तिथे लॉगिन नाही. पासवर्ड कोणाला आठवतो? घरी जाऊन करतो म्हणतो आणि विसरतो. एकशे अठरा लोकांनी स्कॅन केलं, विशलिस्ट नऊ. म्हणजे लोकांना उत्सुकता होती, मीच दार बंद ठेवलेलं.

मग दोनशे स्टिकर आणखी काढले, ह्यावेळी क्यूआर इचवर. इच डॉट आयओ म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांना, २०१३ पासून आहे, गेम टाकायला एक पैसा लागत नाही, आणि विक्रीतला किती हिस्सा त्यांना द्यायचा ते तुम्हीच ठरवता, आधीपासून १० टक्के लावलेला असतो, शून्य केला तरी चालतो. आणि मुख्य म्हणजे गेम ब्राउझरमध्येच खेळता येतो. आम्ही एक दोन मिनिटांचा तुकडा केला, बोटाने खेळता येईल असा, फक्त सांगाड्यावर पेपर चिकटवायचा आणि पाऊस यायच्या आत वाळवायचा. बसमध्ये उभा राहून एका हाताने खेळता येतो. त्याच्याखाली स्टीमची लिंक. ह्याला लोक थांबले. एकजण मला भेटून म्हणाला, पेपर वाळतच नाही रे तुझ्यात, गेम बिघडलाय. म्हटलं, ऑक्टोबरात खऱ्यातपण वाळत नाही.

इचवर विक्री होईल ह्या आशेवर राहू नका, निदान आमची झाली नाही. पण दाखवायला, एखाद्या जॅममध्ये (थोड्या दिवसांत गेम करायची स्पर्धा) भाग घ्यायला, डेव्हलॉग, म्हणजे गेम कसा बनतोय त्याची डायरी, लिहायला, तिथल्या दुसऱ्या गेम बनवणाऱ्यांशी ओळख व्हायला, एक नंबर. स्टीम हा बाजार आहे आणि इच हा कट्टा आहे असं मला वाटतं, दोन्हीकडे जायचं, कपडे वेगळे घालायचे.

आता स्टीमबद्दल थोडं, कारण शेवटी सगळी गाडी तिथेच जाते. १०० डॉलर एका गेमचे, गेमने १००० डॉलरचा धंदा केला की ते परत मिळतात. विक्रीतले ३० टक्के त्यांचे. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम काढता येत नाही आणि ‘लवकरच येत आहे’चं पान निदान दोन आठवडे दिसत राहिलं पाहिजे. पण दोन आठवड्यांवर जो राहिला तो बुडाला. पान लावायचं महिनोन्महिने आधी, कारण विशलिस्ट साठायला वेळ लागतो आणि विशलिस्ट म्हणजे तुमची सगळी पुंजी, गेम निघाला की त्या सगळ्यांना मेल जातो, नंतर कधी २० टक्के किंवा जास्त सूट दिली की परत जातो. ही जाहिरात तुम्हाला बाहेर विकत मिळणार नाही, कितीही आठ हजार द्या. आम्ही पान लावलं तेव्हा ट्रेलरच्या सुरुवातीला आमच्या दोघांच्या स्टुडिओचा लोगो सहा सेकंद फिरत होता, दिवाळीच्या पणतीचा, मावसभावाने प्रेमाने केलेला. काढून टाकला. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. आता पहिल्याच सेकंदाला नरकासुराचा हात निखळून पडतो.

(टॅक्सचा फॉर्म भरताना पॅन नंबर हाताशी ठेवा. भारताचा अमेरिकेबरोबर करार आहे, त्यामुळे तिकडच्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात, पण तो फॉर्म नीट भरला तरच. आणि १०० डॉलर साठल्याशिवाय ते पैसे पाठवत नाहीत, त्यामुळे पहिल्याच महिन्यात घरच्यांना पार्टी कबूल करू नका.)

ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त काम ज्याने केलं त्याला शून्य रुपये लागले आणि ते मी ठरवून केलंसुद्धा नव्हतं. स्टिकर वाटायला आमच्या वाड्यावरच्या मंडळात गेलो, रात्री साडेदहा, पोरं सांगाड्याला पेपर लावून वाळायची वाट बघत बसलेली, मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो तर म्हटलं खेळा. प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप, त्याच्याभोवती दहा-बारा जण, एकजण खेळतोय आणि बाकीचे शिव्या घालतायत. मी ठरवलेलं की काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. फार कठीण असतं ते. आमचं ट्युटोरियल एकाने वाचलं नाही, सगळ्यांनी बटणं दाबत पुढे ढकललं, आणि मग विचारायला लागले आता काय करायचं. खळ कशी करायची हे आम्ही चार स्क्रीन भरून समजावलेलं, ज्यांना दरवर्षी खळ करायची सवय आहे त्यांना! आणि एक लहानगा, सातवी-आठवीतला असेल, शेवटपर्यंत खेळला, नरकासुर जाळला, पहाट झाली, नावं यायला लागली, आणि तो म्हणाला,

‘आणि कारीट?’

कोणीच काही बोललं नाही. मग सगळे हसायला लागले. पावणेदोन वर्षं नरकचतुर्दशीचा गेम करतोय आणि आम्ही कारीट विसरलो होतो. जे गोव्याबाहेरचे वाचत असतील त्यांच्यासाठी, कारीट म्हणजे ते छोटं कडू फळ, अभ्यंगस्नान झालं की तुळशीसमोर पायाच्या अंगठ्याने फोडायचं, तो नरकासुर. मग फोव, म्हणजे पोहे. दुधातले, ताकातले, रसातले. गेममध्ये फोव होते, कारीट नव्हतं.

पुढच्या तीन रात्रीत मावसभावाने ते केलं. शेवटचा सीन, अंगण ओलं, तुळस, केसाला तेल लावलेलं पोरगं, पाय वर, आणि कचकन. आवाजासाठी खरी कारिटं फोडली, आठ-दहा, आई म्हणाली घरात नरकासुराचं खानदान संपवलं तुम्ही. त्याचा चार सेकंदांचा जीआयएफ केला आणि रेडिटवर छोट्या गेमांच्या एका कट्ट्यावर टाकला. कॅप्शन साधं, आमच्याकडे दिवाळीची सकाळ अशी सुरू होते. गेम विकत घ्या वगैरे काही नाही, लिंक खाली कमेंटमध्ये. आणि लोक विचारायला लागले. हे काय फळ आहे, का फोडतात, कडू आहे तर चाखतात का, डावा पाय का उजवा. मी ऑफिसमध्ये बसून लपून उत्तरं देत होतो, एकेकाला नीट, काकडीच्याच कुळातलं आहे, हो चाखतात, तोंड वाकडं होतं. दोन दिवसांत दोनशे बारा विशलिस्ट. आठ हजारांचे चार आणि कारिटाचे दोनशे बारा.

पण एक सांगतो, त्याआधी मी त्याच ठिकाणी तीन पोस्ट टाकलेल्या, ‘आमचा गेम बघा’ टाइपच्या, त्यातली एक काढून टाकली गेली आणि दोन कोणी बघितल्या नाहीत, आणि बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्याच्या घरी जाऊन आल्याआल्या पावतीपुस्तक काढणारा मीपण दारात उभा करत नाही. मधले दोन महिने मी नुसता दुसऱ्यांच्या गेमांवर कमेंट करत होतो, कोणाला बग सांगत होतो, कोणाचं कॅप्सूल बारीक करून दाखवत होतो (भाऊंचा धडा), त्यानंतर कारीट टाकलं. म्हणजे शून्य रुपये म्हटलं तरी वेळ गेला, तो कोणी हिशोबात धरत नाही.

ऑक्टोबरचा नेक्स्ट फेस्ट दिवाळीला चिकटूनच आला, हे नशीब. स्टीमचा हा आठवडाभराचा मेळा वर्षातून तीनदा असतो, फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर, अजून न निघालेल्या गेमांचे डेमो लोक फुकट खेळतात, पण एक गेम एकदाच जाऊ शकतो. म्हणजे तयारी नसताना गेलात तर ती संधी गेली. आम्ही जूनला जाणार होतो, डेमो अर्धवट होता, मावसभाऊ म्हणाला थांब, मी भांडलो, तो जिंकला, त्याचं बरोबर होतं, हे इथे लेखी देतो. फेस्टला गेलो तेव्हा सहाशे दहा विशलिस्ट होत्या, बाहेर आलो चौदाशे सत्तर. मोठे स्टुडिओवाले हसतील ह्या आकड्यावर. हसू दे.

फेस्टच्या आठवड्यात आणखी एक गंमत, मेल. ‘मी मोठा स्ट्रीमर आहे, तीन की पाठवा’, ‘आमच्या ग्रुपवर लाखभर लोक आहेत, पाच की पाठवा’. (की म्हणजे ज्याने गेम फुकट मिळतो तो कोड.) पहिल्या दिवशी मला एवढा आनंद झाला की आईला फोन करून सांगितलं. मग एकाचा पत्ता नीट बघितला तर चॅनेलच्या पत्त्यात एक अक्षर वेगळं. ह्या की घेऊन लोक दुसरीकडे विकतात. साधा उपाय, क्युरेटर (स्टीमवर लोकांना गेम सुचवणारा) असेल तर स्टीमचंच क्युरेटर कनेक्ट आहे, तिथून थेट कॉपी पाठवता येते, की द्यावीच लागत नाही, शंभरपर्यंत पाठवता येतात. असं सांगितलं की नव्वद टक्के गायब होतात. खऱ्या लोकांना मीच शोधून मेल केला, छोटे छोटे, पाचशे-हजार बघणारे, त्यांचे दोन-तीन व्हिडिओ पूर्ण बघून, चार ओळींचा मेल, वर जीआयएफ, खाली प्रेसकिटची लिंक. रामी इस्माईल ह्या गेम बनवणाऱ्याने बनवलेलं प्रेसकिट फुकट मिळतं, त्यात माहिती, फोटो, लोगो नीट एका जागी राहतात, पत्रकाराला विचारावं लागत नाही. चाळीस मेल पाठवले, सहा जणांनी उत्तर दिलं, तिघांनी खेळला. त्यातला एक पोलंडचा माणूस ‘कारीट’ शब्द एवढा सुंदर चुकीचा उच्चारतो की आम्ही तो व्हिडिओ घरी सगळ्यांना दाखवतो.

पेपरात बातमीपण आली, आतल्या पानावर दोन कॉलम. विशलिस्ट शून्य, पण आईने कापून देवघराच्या बाजूला लावली, आणि शाळेतल्या गणिताच्या सरांचा फोन आला, त्यामुळे तो खर्च नसलेला फायदा मी जमेला धरतो. आसगावच्या एका कॅफेत गेमवाल्यांची भेट होती तिथेपण गेलो, दोनशे ऐंशी रुपयाची कॉफी, तिथल्या एकाने मला विचारलं गोव्यात कधी शिफ्ट झालास. म्हटलं, पणजोबांच्या आधी कधीतरी.

गेम डिसेंबरात निघाला. पहिल्या महिन्यात एकशे नव्वद कॉपी. १००० डॉलरची रेघ अजून लांब आहे त्यामुळे ते १०० परत आलेले नाहीत. रिव्ह्यू दहा झाल्याशिवाय स्टीम ‘पॉझिटिव्ह’ वगैरे शिक्का दाखवत नाही, आणि फुकट कीवर खेळणाऱ्यांचे त्या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे माझे जे नातेवाईक ‘मी टाकतो रे दहा रिव्ह्यू’ म्हणत होते त्यांना हात जोडून थांबवलं. अकरावा दिवस उजाडला तेव्हा दहावा रिव्ह्यू आला, कोणा अनोळखी माणसाचा, एकच ओळ, पेपर वाळत नाही तरी दहापैकी नऊ.

तर दुकान.

चांगलं काय, कटिंग, व्हिनाइल, भाव वाजवी, शंभरच्या खालीपण छापून देतात, आणि मालक खरं बोलतो. वाईट काय, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली तर बघत नाहीत, पेन ड्राइव्ह घेऊन समोर जावं लागतं, ‘फाल्यां यो’ म्हणजे उद्या ये असं म्हणाले तर परवा समजायचं, लाल रंगाबद्दल वर सांगितलंच, आणि पैसे फक्त रोख, क्यूआरने घेत नाहीत, हजार क्यूआर लोकांचे छापून देतात. दुपारी एकला शटर खाली, साडेतीनच्या आधी उघडत नाही, उघडं दिसलं तरी आत झोपलेले असतात. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा नाही, बसने जा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि नरकासुराच्या आधीचा आठवडा सोडून जा, मंडळांचे बॅनर असतात.

गेल्या आठवड्यात गेमची एक कॉपी त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर टाकून दिली. काल स्टिकर आणायला गेलो तर विचारलं, खेळलात का भाऊ? म्हणाले, मुलगा खेळतो, मी मागे उभा राहून बघतो. बरा आहे. पण तुमच्या नरकासुराच्या सांगाड्याला डाव्या पायाला टेकू नाही, तो खऱ्यात पडेल.

मावसभावाला सांगितलंय, पुढच्या अपडेटमध्ये टेकू येतोय.